फेरीला न गेलेला मुलगा

पत्र :

बाई, सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी एक दीर्घकथा लिहिलीय. नायक विठ्ठल, वय एकोणीस. आजोबा सीमालढ्यात, म्हणजे बेळगावचा मराठी भाग महाराष्ट्रात यावा म्हणून चाललेल्या लढ्यात, तुरुंगात जाऊन आलेले. वडील दरवर्षी एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत बांधून निषेध फेरीला जातात. घरातल्या सगळ्या बाप्यांनी जायचं, अशी रीतच आहे. विठ्ठलच्या कॉलेजात कन्नड नाटक बसतं. आवाज चांगला म्हणून त्याला मोठं काम मिळतं, पण प्रयोग राज्योत्सवाच्या कार्यक्रमात, म्हणजे त्याच दिवशी. थोरल्या बहिणीची सोयरीक निपाणीकडच्या एका घरात ठरत आलीय आणि तेही घर चळवळीतलं. माझ्या कथेत विठ्ठल फेरीलाही जात नाही आणि नाटकालाही जात नाही. त्या दिवशी तो भाताच्या मळणीला शेतात जातो. तिथं कथा संपते.

गावच्या वाचनालयातले सर म्हणाले, शेवटी तो फेरीत सामील झालाच पाहिजे, आपली कथा आपल्याच माणसांवर उलटता कामा नये. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात, तो स्टेजवर गेलाच पाहिजे आणि मग घर सोडून बेंगळूरला. मळणीला जातो तो भित्रा. मी तिन्ही शेवट लिहून ठेवलेत. संमेलनाच्या कथास्पर्धेला कुठला पाठवू?

आणखी एक. गेल्या वर्षी असं नाटक मलाच मिळालं होतं. मी ताप आलाय म्हणून सांगितलं. मी वेगळी आहे की नुसतीच भित्री, हे सांगाल का?

— एक वाचक

उत्तर :

बाळ,

कथाही सोबत जोडलीस हे बरं केलंस. नुसत्या पत्रावर विसंबून मी भलतंच काही सांगून बसले असते. शेवट कुठला ठेवायचा ते मी सांगणार नाही. तिन्ही शेवटांत काय बिघडलंय तेवढं सांगते, कारण बिघाड शेवटात नाहीच, तो चार पानं आधी आहे.

पहिल्यांदा त्या दोन सल्ल्यांचं बघू. सर म्हणतात फेरीत घाल, मैत्रिणी म्हणतात स्टेजवर चढव. तुला हे दोन टोकांचे सल्ले वाटतायत. मला त्यांत फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही विठ्ठल नकोय. सरांना एक मराठी मुलगा हवाय, मैत्रिणींना एक बंडखोर मुलगा हवाय. त्याच्या जागी गर्लगुंजीचा, नंदगडचा, कुणाचाही पोरगा उभा केलास तरी दोघांचं समाधान होईल. तुझी कथा मात्र तिथंच मेली असं समज.

थंडी सुरू झाली की आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी गावोगावची साहित्य संमेलनं लागतात, आणि स्पर्धांचे गठ्ठे तपासायला माझ्यासारख्यांकडे येतात. नवशिक्यांच्या कथा बहुतेक दोन वाटांनी संपतात. एका वाटेवर नायक शेवटच्या परिच्छेदात गर्दीत शिरतो, मूठ वळतो आणि घोषणा देतो. दुसऱ्या वाटेवर नायिका पहाटेच्या गाडीत बसते आणि 'तिने मागे वळून पाहिलं नाही' असं वाक्य येतं. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की एखाद्या पोरीने एकदा तरी मागे वळून बघावं असं वाटायला लागलंय, निदान बाकड्यावर पिशवी राहिली का म्हणून तरी. पहिली कथा गावाला भिऊन लिहिलेली असते हे लगेच ओळखू येतं. दुसरीही भिऊनच लिहिलेली असते. भीती फक्त वेगळ्या माणसांची असते: मैत्रिणी मागासलेली म्हणतील, मोबाईलवर वाचणारे पुढे सरकतील, याची.

बंडाचाही गणवेश होतो आणि तो फार लवकर शिवून मिळतो. नेमाड्यांची 'कोसला' कादंबरी १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला गेला, नापास झाला, गावी परतला. असा नायक तोवर मराठीत कुणी बघितला नव्हता. त्यानंतर किती पोरांनी वह्याच्या वह्या त्याच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'नी भरल्या, ते त्या पिढीतल्या कुणालाही विचार. एकट्या माणसाचा सूर होता, तो सगळ्यांनी मिळून काढायला सुरुवात केली. आणि गंमत बघ, ज्याच्यासारखं होण्यासाठी ही धडपड चालली होती तो पांडुरंग शेवटी घरीच परत जातो. तुझ्या मैत्रिणींच्या हिशेबाने तोही भित्राच.

यापेक्षा जुनं आणि आपल्या गावचं उदाहरण देते, कारण ते तुमच्या अभ्यासक्रमात आलं तरी एका ओळीत उरकतात. बाबा पदमनजी बेळगावात १८३१ साली जन्मले. सोवळ्याओवळ्याच्या हिंदू घरातला हा मुलगा मिशनच्या शाळेत शिकला आणि १८५४ साली त्याने ख्रिस्ती धर्म घेतला. त्या काळात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको: घर तुटलं, नाती तुटली. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिच्याकडे बोट दाखवतो. विधवांची दुःखं त्या माणसाने जवळून पाहिल्यासारखी लिहिली आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण यमुनेचं शेवटी काय होतं? तिचा नवरा जातो, ती ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो. म्हणजे ज्या लेखकाने स्वतःच्या घरच्यांचं ऐकलं नाही, त्याने यमुनेला मात्र आपलंच ऐकायला लावलं. तिला तिसरी काही वाट दिसली असती का, तिला राग आला असता का, हे विचारायची सवड कादंबरीत नाही. पुढे १८८८ साली त्यांनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाच. आत्मचरित्रात एक मुलगा स्वतः शंका घेत, चाचपडत, वाद घालत पुढे जाताना दिसतो. कादंबरीतल्या यमुनेला तेवढं चाचपडायला मिळत नाही. मला विचारशील तर मराठी कादंबरीचा हा पहिलाच धडा आहे, आणि तो बेळगावच्याच माणसाने घालून दिलाय: लेखक कितीही मोठा बंडखोर असो, पात्राला तो सहज आपल्या रांगेत उभं करतो.

आता तुझा मूळ शेवट, मळणीचा. पत्राच्या सूरावरून वाटतं की तुझा जीव त्याच्यातच आहे, आणि मी 'दोन्ही साचे मोडून तू तिसरी वाट काढलीस, शाब्बास' म्हणेन अशी तुझी अपेक्षा असावी. तसं म्हणता येत नाही. विठ्ठल मळणीला का जातो? कथेत तू लिहिलंयस, 'सुगीचे दिवस होते, माणसं मिळत नव्हती.' बरं. सुगीत माणसं मिळत नाहीत हे खरंच आहे, खानापूरकडे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो भेटेल तो शेतात असतो. पण विठ्ठलच्या बाबतीत हे कारण तुझ्या तापासारखं आहे. कुणी विचारलंच तर सांगायला बरं. वडिलांना वाटेल पोरगा कामाला गेला, नाटकाच्या सरांना वाटेल घरची अडचण असेल, आणि विठ्ठलला कुणापुढेच तोंड उघडावं लागणार नाही. म्हणजे मैत्रिणींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तो भित्रा आहे. भित्रा असायला माझी काही हरकत नाही, कथेत भित्री माणसं मला धीट माणसांपेक्षा जास्त आवडतात. हरकत ही आहे की तो भित्रा आहे हे त्याला ठाऊक आहे की नाही तेच तुझ्या कथेतून कळत नाही. तू त्याला पाठीशी घातलंयस.

चार पानं आधी बिघाड आहे म्हणाले तो हा. सबंध कथेत विठ्ठल एकदाही कुणालाही 'नाही' म्हणत नाही. 'हो' सुद्धा म्हणत नाही. वडील बोलतात, तो ताटातला भात चिवडतो. सर बोलतात, तो चपलेने माती उकरतो. मैत्रीण विचारते, बस येते. प्रत्येक प्रसंगी तू बरोबर त्या घटकेला बस आणलीस! एवढ्या वेळेवर बस खानापूर रस्त्यावर येत असती तर काय पाहिजे होतं.

तेव्हा शेवट बाजूला ठेव आणि एक प्रसंग लिही. विठ्ठल कुणाला तरी तोंडाने काहीतरी सांगतो. वडिलांना सांग म्हणत नाही मी, ते सगळ्यांना सुचेल. नाटकाच्या सरांना सांगू दे, आजोबांना सांगू दे, पेपर टाकणाऱ्याला सांगू दे. पण सांगताना त्याचं वाक्य त्याचंच असलं पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या तोंडी घातलं तर बसणार नाही असं. ते वाक्य मिळालं की शेवट आपोआप ठरेल. कदाचित तो फेरीलाच जाईल. गेला तरी चालेल, बरं का. चारचौघांसारखं वागणाऱ्या माणसाला स्वतःचं मन नसतं असं कुठं आहे? काळी फीत बांधून सगळ्यांबरोबर चालणारा आणि चालताना मनातल्या मनात कन्नड संवाद घोकणारा मुलगा मला घर सोडून पळणाऱ्यापेक्षा जास्त एकटा वाटेल.

हा प्रसंग जमायचा असेल तर समोरचा माणूसही पुरता हवा. तुझ्या कथेतले वडील सध्या नुसते ओरडतात. सीमाभागातल्या कथांत बापांना ओरडायलाच ठेवलेलं असतं, हा आपला जुना आजार. त्यांना काय वाटतं ते त्यांनाच बोलू दे. तू ज्या घरात वाढलीस तिथं हे बोलणं तू ऐकलेलं असणार: 'मी काय कन्नडाच्या वाईटावर हाय काय? दिवसभर बाजारात कन्नडच बोलतो की. खरं माझ्या शेताचा उतारा मला वाचता येत न्हाई. त्यो वाचून घ्यायला मी दुसऱ्याच्या दारात उभा ऱ्हातो.' असं बोलणाऱ्या बापाला उत्तर देणं विठ्ठलला जड जाईल, आणि तेच तुला हवंय. ओरडणाऱ्या बापाला कुणीही उलटून बोलेल.

तसंच त्या नाटकाच्या सरांचं. कथेत ते फक्त 'गोड हसतात'. कन्नड माणूस आला की एक तर तो दांडगा, नाही तर गोड हसणारा, हाही साचाच. त्या सरांना विठ्ठलचा आवाज हवाय, त्याची जात, भाषा, आजोबा यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, हे त्यांचं चांगलंपण. पण त्याच तारखेला त्या मुलाच्या घरात काय असतं हेही त्यांना सुचत नाही, हे त्यांचं आंधळेपण. दोन्ही दाखव. आणि ते जर खरंच नाटकवेडे असतील तर पोराला ऐकवतील की, 'तुमचे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आमच्याच जिल्ह्यातले की ओ!' ऐकवू दे. मराठी संगीत नाटक उभं करणारा माणूस बेळगाव जिल्ह्यातल्या गावात जन्मला, हे विठ्ठलला बापापुढे वापरता येईल, आणि बाप त्यावर काय म्हणेल ते मलाही ऐकायचंय. तारीख एकच, १ नोव्हेंबर १९५६, एकाच्या घरी राज्य जन्मलं आणि दुसऱ्याच्या घरी गाव चुकीच्या राज्यात गेलं. त्या दिवशी बेळगावच्या चन्नम्मा सर्कलला लाल-पिवळे झेंडे असतात आणि जवळच्याच रस्त्यांवरून काळ्या फिती चाललेल्या असतात. एवढं भांडवल दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या लेखकाकडे आहे सांग. ते तू दोन ओळींत संपवलंस आणि मळणीचं वर्णन दीड पान केलंस.

आता बहिणीकडे येते. मला तुझ्या कथेत सगळ्यात जास्त खटकली ती तिची गैरहजेरी. तिची सोयरीक मोडेल हा वडिलांचा मोठा मुद्दा आहे, विठ्ठलच्या निर्णयाचा फटका तिलाच बसणार आहे, आणि तिला सबंध कथेत एक वाक्य आहे: 'चहा घेतोस?'

ययातीची गोष्ट तुला ठाऊकच असेल. बाप मुलाचं तारुण्य मागतो आणि धाकटा पुरू ते देतो. घरच्यांच्या अपेक्षेपुढे तरुण माणसाने काय करायचं, याची एवढी उघडीवाघडी गोष्ट आपल्याकडे दुसरी नाही. वि. स. खांडेकरांनी त्यावर १९५९ साली कादंबरी लिहिली, आणि दोनच वर्षांनी धारवाडहून गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक छापून आलं. कार्नाड तेव्हा विशीतले, परदेशी शिकायला निघालेले. घरच्यांच्या अपेक्षांच्या त्या ताणातूनच हे नाटक आलं असं त्यांनी पुढे सांगितलंय. आता दोन्हींची मांडणी बघ. खांडेकरांची कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा सांगतात, आळीपाळीने. पुरूला निवेदन नाही! ज्याचं तारुण्य गेलं त्यालाच आपल्या तोंडाने सांगायला मिळत नाही. कादंबरीचा विषय ययातीची भूक हा आहे, त्यामुळे खांडेकरांच्या दृष्टीने ते बरोबरच असेल, मला मात्र ते नेहमी टोचतं. कार्नाडांनी काय केलं, तर पुरूची नवी नवरी चित्रलेखा पुढे आणली. मुलाने बापाची आज्ञा पाळली, सगळे धन्य झाले, आणि ही मुलगी विचारते की माझं काय? मला कुणी विचारलं होतं? त्या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नाही. ती जिवानिशी जाते, तेव्हा कुठे ययाती भानावर येतो.

तुझ्या कथेतली चित्रलेखा म्हणजे ती बहीण. विठ्ठल आज्ञाधारक निघाला काय आणि बंडखोर निघाला काय, दोन्ही वेळा हिशेब तिच्या खात्यावर मांडला जाणार. तिला ते घर हवंय की नको? कदाचित तिला सोयरीक मोडायलाच हवी असेल आणि भावाने स्टेजवर जावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली असेल. किंवा उलट, तिला तो मुलगा मनापासून आवडला असेल आणि भावाचं नाटक तिला डोळ्यासमोर नको असेल. दोन्हींतलं एक ठरव. ते ठरवल्याशिवाय विठ्ठलचं स्वातंत्र्य वगैरे बोलण्यात अर्थ नाही, कारण एकोणीस वर्षांच्या मुलाला मन असतं आणि तेवीस वर्षांच्या मुलीला चहा असतो, असं काहीतरी तुझ्या हातून नकळत लिहिलं गेलंय. मुलीनेच लिहावं याचं मला जरा जास्त वाईट वाटलं.

इथेच मनात आलं ते सांगून टाकते: नाटक तुला मिळालं होतं, मग नायक मुलगा का केलास? मुलीने भूमिका केली तर गावात वेगळाच गोंधळ होईल, फेरी आणि भाषा बाजूला राहील, म्हणून? तसं असेल तर तुझी गोष्ट तोच गोंधळ आहे. यमकनमर्डीत जन्मलेल्या कमल देसाईंनी १९७५ साली 'काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई' लिहिलं. त्यातल्या बाईला चित्रपट काढायचाय, आणि डोक्यावर हॅट आहे. का आहे याचा खुलासा करत बसायची लेखिकेला गरज वाटली नाही, आणि ती बाई वाचकांना गोड वाटावी याचीही खटपट केली नाही. हुक्केरी तालुक्यातून आलेल्या लेखिकेला पन्नास वर्षांपूर्वी जे करता आलं, त्याच्या मानाने तुझी मागणी फार लहान आहे. विठ्ठलला मुलगी करून एखादं पान लिहून बघ. जमलं नाही तर टाकून दे.

भाषेबद्दल थोडंच सांगते, कारण तिथं तुझा हात चांगला आहे. पहिल्या खर्ड्यात तुझ्या पोरी 'मी येतो की गे', 'काय करूलालीस' असं बोलतात, आणि दुसऱ्यात कुणीतरी लाल शाईने सगळं पुण्याचं करून ठेवलंय. ते सगळं परत फिरव. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन वाचला नसशील तर 'वनवास'पासून सुरुवात कर. तो मुलगा बंड वगैरे काही करत नाही. आजीकडे राहतो, शाळेत जातो, बोलणी खातो. पण त्याच्या डोळ्यांनी बघितलेलं गाव दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही, आणि त्याच्या मराठीत कानडी अशी मिसळलीय की उपसून काढता येत नाही. कन्नड नाटकात काम मिळालं होतं म्हणजे कन्नड वाचत असशील, म्हणून हेही सांगते: ज्ञानपीठ मिळालेले चंद्रशेखर कंबार घोडगेरीचे, तेही हुक्केरी तालुक्यातलेच, आणि त्यांनी आपल्या उत्तर कर्नाटकी बोलीतच नाटकं लिहिली. शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाने त्यांनाही कधीतरी गाठलंच असेल.

आता तुझा शेवटचा प्रश्न. गेल्या वर्षी तू भित्री होतीस. त्यात लपवण्यासारखं काय आहे? विशीच्या आतबाहेरच्या मुलीने घर, गाव आणि एक भूमिका यांच्यात अडकल्यावर ताप आणला, आजवर असे ताप आपल्या अर्ध्या घरांत येऊन गेलेत. वेगळी आहेस का, हे मात्र त्या तापावरून ठरत नाही. वेगळं असणं आणि धीट असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अगदी चारचौघांसारखी माणसं विलक्षण धीट असतात, आणि सगळ्यांहून निराळी माणसं दारात पाहुणा आला तरी आतल्या खोलीत जाऊन बसतात. तू कथा लिहिलीस, तीही दुसऱ्याच्या नावावर ढकलून का होईना, आणि पत्राच्या शेवटी खरं काय ते सांगून टाकलंस. तेवढं मला पुरे आहे.

आणि नाटक अजून करावंसं वाटतंय का? पत्रात ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. वाटत असेल तर त्या सरांकडे जा आणि ताप नव्हता हे सांग. घरी एक नोव्हेंबरला अडचण असते, दुसऱ्या तारखेचा प्रयोग असेल तर मी करेन, असं म्हण. कॉलेजात वर्षभरात स्पर्धा असतात, स्नेहसंमेलन असतं, एकच तारीख धरून बसायचं कारण नाही. हा तोडगा विठ्ठलला देऊ नकोस, त्याची कथा दोन मिनिटांत संपेल. तू मात्र खुशाल घे. घरी सांगायचं झालं तर आईला आधी सांग, वडिलांना तिच्याकडून कळू दे. हे काही शूरपणाचं नाही, पण आपल्या घरांतली बरीचशी कामं याच वाटेने झालेली मी बघितली आहेत.

कथा पाठवण्याआधी एक करायलाच हवं. निपाणीची सोयरीक जर खरी असेल आणि बहीणही खरी असेल, तर आधी तिला वाचून दाखव. वाचायला देऊ नकोस, तू स्वतः वाच. तिची हरकत असेल तर निपाणीचं दुसरं काहीतरी कर, सोयरीक काढून जमिनीची वाटणी घाल, काहीही कर. लग्न ठरायच्या घरात छापील कथा पोचायला वेळ लागत नाही, आणि तिथे हे काल्पनिक आहे म्हणून सांगत बसायला तू नसशील. टोपणनाव घ्यायचं तर घे, पण आपल्या भागात टोपणनाव आठ दिवस टिकतं.

स्पर्धेचं म्हणशील तर या वर्षीची तारीख चुकली तरी बिघडत नाही, संमेलनं पुढच्या थंडीतही आहेत. वाचनालयातल्या सरांना तोडून बोलू नकोस. तालुक्याच्या गावात कथा वाचून मत देणारा माणूस मिळणं सोपं नसतं. 'सर, वडिलांचं बोलणं वाढवलंय, ते बरोबर जमलंय का बघा' असं म्हणून नवा खर्डा त्यांनाच दे, त्या बाबतीत ते तुला माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील. मैत्रिणींना बहिणीचं प्रकरण वाचू दे. मलाही पाठव. शेवट कुठला केलास ते वर लिहू नकोस, आणि बस मात्र कमी कर.